वापरायला काढलेलं पाणी

सुकेशनी हिवराळेच्या घरी पाण्याचे दोन प्रकार होते. प्यायचं आणि वापरायचं. नळाला आलेलं पाणी प्यायचं. पुढचा नळ यायचा दिवस उजाडला की तेच पाणी वापरायचं व्हायचं. त्यात कपडे निघत, फरशी पुसली जाई, उरलंसुरलं संडासात जाई. आठ वाजेपर्यंत हंडे, कळश्या आणि दोन निळे ड्रम घासून, विसळून दारात रांगेनं लागलेले असत. पुंडलिकनगरात त्या वर्षांत सहाव्या-सातव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. त्यातली पाच मिनिटं भांडी विसळण्यात घालवणं कुणालाच परवडत नसे. शिळं पाणी प्यायला द्यायचं नाही, हा तिची आई वच्छलाबाई यांचा नियम होता. कधी नळ यायचाच नाही. मग रिकाम्या भांड्यांकडे बघत दुपारपर्यंत बसायचं आणि शेवटी शेजारी मागायला जायचं.

हे कुटुंब बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यातून २००३ साली शहरात आलं. वडील वाळूजला एका कारखान्यात हेल्पर होते. सुकेशनीनं आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला. २०१२-१३च्या दुष्काळात शहराच्या प्रत्येक वसाहतीत थंड पाण्याचे जार विकणारे प्लांट निघाले, त्यातल्या एकात तिला काम मिळालं. बोअरचं जड पाणी यंत्रात जाई, आतल्या पडद्यातून दाबानं ढकललं जाई आणि क्षार मागे राहत. पडदे बदलणं, पंप खोलणं, सील बसवणं ती तिथं शिकली. पुढे यंत्रं पुरवणाऱ्या माणसानं तिला दहा दिवसांच्या कामासाठी गोव्याला नेलं. तिथल्या एका यार्डात शिडाच्या नौकांवर वॉटरमेकर बसवायचे होते. तत्त्व तेच, फक्त पाणी समुद्राचं आणि दाब पाचपट. ती दहा दिवसांसाठी गेली आणि राहिली. वर्षभरात पोहायला शिकली, मग शिडं ओढायला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याहून मॉरिशसला निघालेल्या शर्यतीत ती एका बेचाळीस फुटी नौकेवर होती, ती अशी. नौका यार्डाच्या मालकाची. कप्तान साहेबराव, वय चोपन्न, मूळचा बिडकीनचा. घरी मेंढरं होती. तो नौदलात गेला आणि तिथं बरीच वर्षं शिडाच्या नौकांवर काढली. निवृत्तीनंतर गावी परतला नाही; गावची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि भाऊ आता कंपन्यांना गाड्या पुरवत होता. साहेबरावनं बरोबर घेतलेला अजिनाथ खुलताबादचा, तोही माजी नौसैनिक. आणखी दोघे गोव्याचे सख्खे भाऊ, लहानपणापासून समुद्रावर वाढलेले. पाचवी सुकेशनी, वय सत्तावीस. यार्डातले लोक म्हणत की साहेबराव बिनपाण्याच्या मुलखातली माणसं गोळा करून समुद्रात चाललाय. साहेबरावचं उत्तर ठरलेलं असे: पाणी सांभाळायला असलंच माणूस पाहिजे.

पाणी तिच्याकडे होतं. नौकेच्या पोटातली टाकी दोनशे लिटरची. शिवाय खालच्या फळ्यांखाली वीस-वीस लिटरचे चार कॅन, राखीव. वॉटरमेकर रोज तासभर चालवायचा, तासाला तीस लिटर. टाकी मुद्दाम अर्ध्याच्या खाली ठेवायची, कारण शर्यतीत प्रत्येक किलो वजन वेग खातं. सकाळी सहाला मोजपट्टीनं टाकी मोजून वहीत आकडा लिहायचा. वही साहेबराव बघत असे.

आठ दिवस नौका चांगली चालली. चार तास ड्यूटी, चार तास झोप, हा क्रम दिवसरात्र. नौका एका अंगावर कललेली असल्यानं झोपतानाही बाकाच्या कडेला कापड बांधावं लागे, नाहीतर माणूस बाकावरून खाली. कपडे कधीच पूर्ण वाळत नसत. मीठ अंगावर, केसांत, वरणात. वारा जरा पडला की सगळे गप्प व्हायचे आणि शिडाच्या कडेकडे बघत बसायचे. शर्यतीत अकरा नौका होत्या. रोज दुपारी उपग्रह फोनवर सगळ्यांची जागा कळायची. आठव्या दिवशी ते तिसरे होते. मालदीवच्या पश्चिमेनं विषुववृत्त ओलांडलं. पुढे वाऱ्याचा भरवसा नसलेला पट्टा होता, त्यानंतर आग्नेयेचा पक्का वारा.

नवव्या दिवशी सकाळी सहाला सुकेशनीनं वहीत लिहिलं: टाकी ५०, कॅन ८०. मग तिनं कॅनमधलं पाणी चाखलं. गोव्यात भरलेलं, उन्हात तापलेलं, प्लास्टिकचा वास आलेलं. आठ दिवस झाले होते. दहा वाजता यंत्र सुरू करायचंच होतं, आणि यंत्र आठ दिवसांत एकदाही चुकलं नव्हतं. घरच्या नळाबद्दल असं कधी म्हणता आलं नसतं.

तिनं चारही कॅनमधलं पाणी बादलीनं वर आणलं आणि आंघोळीला घ्या म्हणाली. आठ दिवसांत कुणाच्या अंगाला गोडं पाणी लागलं नव्हतं. गोव्याच्या भावांनी डोक्यावरून ओतून घेतलं. अजिनाथनं साबण लावला, वर आपला सदरा धुतला आणि म्हणाला, अशी आंघोळ खुलताबादच्या घरी पण महिन्यातून एकदाच भेटती. पाणी कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. यंत्राचं असणार, असं सगळ्यांनी धरलं. साहेबराव ड्यूटी संपवून खाली झोपला होता. सुकेशनीनं कॅन विसळले, उपडे केले आणि दहाच्या ठोक्याला यंत्र सुरू केलं.

वीस मिनिटांत पंपातून ठोका ऐकू आला. मग दाबाचा काटा शून्यावर आला. पहिल्या कॅनमध्ये दहा लिटर पाणी होतं.

तिनं पंप खोलला. आतल्या दांड्याचं बेअरिंग फुटलं होतं आणि त्याच्या तुकड्यांनी दांडा खरवडला होता. सील जादा होते, पडदा जादा होता, गाळण्या जादा होत्या. बेअरिंग नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं असलं बेअरिंग फुटलेलं पाहिलं नव्हतं.

साहेबराव उठून आला. त्यानं तिला दोन प्रश्न विचारले, होईल का आणि किती वेळात. ती म्हणाली, बघते. त्यानं वही उघडली, तिथला सकाळचा आकडा वाचला आणि नकाशा पुढ्यात घेतला. मॉरिशस साडेतेराशे सागरी मैल, वारा धरून बारा-तेरा दिवस. मालदीवच्या दक्षिण टोकाचं अड्डू बेट मागे, पूर्वेला, एकशे सत्तर मैलांवर. तिथं वळलं तर शर्यत संपली. पाणी एकशे तीस लिटर. पाच माणसं, माणशी दोन लिटर, दिवसाला दहा. तेरा दिवस.

“बसतं,” तो म्हणाला. “आंघोळ बंद, कपडे बंद, भात समुद्राचं निम्मं पाणी घालून. यंत्र झालं तर देवाची कृपा, नाय झालं तरी पोचतो.”

बोलायची वेळ ती होती. सुकेशनी गुडघ्यावर बसलेली होती, हात ग्रीसनं भरलेले, समोर खोललेला पंप. आज संध्याकाळपर्यंत यंत्र चालू झालं तर कॅन भरून निघतील आणि काही सांगायची गरजच पडणार नाही, असं तिला वाटलं. फिटरला असं वाटतं. नौका दक्षिणेला चाललेली होती, तासाला पाच मैलांनी, आणि अड्डू तितकंच मागे पडत होतं.

खरा आकडा साठ होता. टाकीतले पन्नास आणि कॅनमधले दहा. सहा दिवस.

दुपारभर ती पंपाशी होती. बेअरिंगच्या जागी बसेल अशी कडी तिनं एका जुन्या नळीच्या जोडातून कापली, कानसीनं घासली, बसवली. यंत्र चार मिनिटं चाललं. दुसरी कडी जाड पत्र्याची केली, ती दीड मिनिट. अजिनाथ बोल्ट सांभाळत शेजारी बसला होता आणि तिला हसवायचा प्रयत्न करत होता. पुंडलिकनगरला फोन लाव, म्हणाला, जार मागवून घे, पोरगं रिक्षात टाकून आणून देईल. ती हसली नाही, तेव्हा त्यानं पुढचा बोल्ट तिच्या हातात दिला.

संध्याकाळी लाट आडवी येऊ लागली आणि फळ्यांखालचे रिकामे कॅन एकमेकांवर आपटू लागले. भरलेला कॅन वाजत नाही. सुकेशनी खाली गेली आणि कॅनच्या मधल्या फटींत टॉवेल आणि आपली गोधडी कोंबून आली. पाणी ओतणं ही चूक होती. कॅनचा आवाज दाबणं मात्र तिनं समजून केलं, असं ती स्वतःच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं टाकी मोजली. चाळीस. वहीत लिहिलं, टाकी ४०, कॅन ८०. आठचा आकडा काढताना हात थांबला होता, असं काही झालं नाही. ती म्हणते की हात नेहमीसारखाच चालला आणि त्याचीच तिला नंतर जास्त भीती वाटली.

त्या दिवशी सकाळपासून क्षितिजावर पावसाचे राखाडी खांब उभे होते. अजिनाथनं मोठ्या शिडाच्या खाली बादली बांधून ठेवली. एक खांब दोन मैलांवरून गेला. त्याच्या कडेचा वारा नौकेला लागला, पाणी लागलं नाही. दुसरा पश्चिमेला विरून गेला. सुकेशनी वर आली की आधी आकाशाकडे बघायची आणि मग सुकाणूजवळच्या कंपासकडे. काटा दक्षिण-नैर्ऋत्येवर होता. तिला आता एकच हिशेब येत होता. एक तास, पाच मैल. वर येऊन ती साहेबरावच्या मागे उभी राहायची आणि परत खाली जायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यानं विचारलं, “काय करायलीस? उलटी होती का?” ती नाही म्हणाली.

बाराला जागा कळली. ते दुसरे झाले होते. गोव्याच्या धाकट्या भावानं साहेबरावच्या पाठीवर थाप मारली. साहेबरावनं खाली जाऊन नकाशावर खूण केली, पट्टी लावून मागचं अंतर मोजलं आणि म्हणाला, अड्डूचा नाद आता सोडा, इथून पुढं मॉरिशसच जवळ समजायचं. बेट दोनशे ऐंशी मैल मागे होतं.

सुकेशनी त्याच्या समोर बसली.

“काका, कॅन रिकामे हायेत.”

“कुठला?”

“चारी. एकात धा लिटर हाय.”

त्यानं मान वर केली नाही. वही पुढे ओढली. “इथं ऐंशी हाय.”

“काल सकाळी लिवलं तवा व्हते. मंग मी वतले. आंघोळीला.”

वरच्या दारात अजिनाथ होता. त्याचं तोंड उघडं राहिलं. गोव्याचे दोघे भाऊ खाली आले, त्यांना काही कळेना. थोरला विचारत राहिला, ओतले म्हणजे काय, सांडले का? बूच सैल होतं का? चांगलं पाणी माणूस हातानं ओतून का देईल? सुकेशनीला ते त्यांच्यापुढे मांडता येईना. आठ दिवसांचं पाणी, नवं यायचंच होतं, भांडी आधी रिकामी करून ठेवायची, हे सगळं बोलताना तिलाच वेडेपणाचं वाटू लागलं.

साहेबरावनं पेन्सिल खाली ठेवली.

“शिळं झालं व्हतं,” तो म्हणाला. विचारत नव्हता. बिडकीनला त्याच्या आईनंही तेच केलं असतं.

“व्हय.”

“आज पण ऐंशी लिवलंस.”

“व्हय.”

“पाणी वतलं ते मला समजतं, पोरी. त्याच्यानंतर सव्वीस तास गप बसलीस, ते समजत नाय. काल तोंड उघडलं असतंस तर दीड दिसात बेटावर व्हतो.”

त्यानं आवाज चढवला नाही. साठातून कालचे दहा गेले, राहिले पन्नास. पन्नास लिटरवर पुढे सव्वाबाराशे मैल, की पन्नास लिटरवर मागे दोनशे ऐंशी. पुढे जायचं तर पाच दिवसांत पाऊस पडायलाच हवा. धाकटा भाऊ म्हणाला, पडेल. साहेबरावनं त्याला विचारलं, किती लिटर पडेल? मग तो वर गेला आणि सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं. नौका वाऱ्यातून फिरली, शिडं एकदा फडफडून दुसऱ्या अंगाला भरली. अजिनाथनं फोनवरून शर्यतीच्या कार्यालयाला कळवलं की आपण शर्यत सोडतोय. कारण विचारलं तेव्हा त्यानं खालच्या दाराकडे पाहिलं आणि सांगितलं, वॉटरमेकर बंद पडला. ते खोटं नव्हतं.

थोरल्या भावानं एवढंच म्हटलं की तीन वर्षं ते या शर्यतीची तयारी करत होते. त्यानंतर दोघे भाऊ तिच्याशी कामापुरतं बोलले.

पाणी तिच्याकडून काढून घेतलं गेलं. थोरला भाऊ एका स्टीलच्या पेल्यानं मोजून द्यायचा, दिवसाला माणशी दीड लिटर, सहा वेळा. ज्या घरात वाटीनं पाणी वाटायची सवय होती त्या घरातली मुलगी आता दुसऱ्याच्या हातून पेला घेत होती. पहिल्या दिवशी तिनं आपल्या पेल्यातलं अर्धं परत बाटलीत ओतलं. साहेबरावनं ते पाहिलं.

“नाटक करू नको. पी,” तो म्हणाला. “चक्कर येऊन पडलीस तर तुला उचलायला दोन माणसं लागत्याल.”

ती प्यायली.

शर्यत सुटल्यावर इंजिन चालवायला मुभा होती, पण डिझेल तीस तासांचं. पहिली रात्र आणि दुसरा दिवस वारा जवळजवळ नव्हता; शिडं लोंबत होती आणि डोलकाठीच्या तारा ठणठणत होत्या. साहेबराव दर चार तासांनी इंजिन तासभर चालवायचा, बंद करायचा आणि वाऱ्याची वाट बघायचा. ओठ फुटले होते. भात खारट होता म्हणून कुणी पोटभर खात नव्हतं. दुसऱ्या दुपारी पाऊस एकदाचा अंगावर आला, दहा मिनिटं. शिडावरचं मीठ धुऊन निघेपर्यंत अर्धा पाऊस संपला. गोळा झालेलं सहा लिटर पाणी मचूळ होतं, ते भाताला ठेवलं. सुकेशनीनं त्या तीन दिवसांत पंपाला हात लावला नाही. कुणी लाव म्हटलंही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अड्डूची माडांची रेघ दिसली. धक्क्याला लागल्यावर थोरल्या भावानं टाकी मोजली. अठ्ठावीस लिटर. धाकटा भाऊ तो आकडा ऐकून म्हणाला, म्हणजे गेलो असतो पुढे. उत्तर नऊ दिवसांनी आलं. पुढच्या नौका वाऱ्याविना पाच दिवस एकाच ठिकाणी अडकल्या आणि पहिली नौकाही मॉरिशसला ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा पोहोचणार हे स्पष्ट झालं. त्या पट्ट्यात पाऊस झाला, पण कुणाला मिळाला, कुणाला नाही. धाकट्यानं ही बातमी अजिनाथला सांगितली. सुकेशनीनं ती नंतर स्वतः वाचली.

बेटावरून तिनं घरी फोन केला. वच्छलाबाईंनी आधी पोचलीस का विचारलं, मग नंबर आला का विचारलं. सुकेशनीनं सगळं सांगितलं, कॅन, आंघोळ, वही. मग वच्छलाबाई म्हणाल्या, “मंग काय आठ दिसाचं पाणी पाजायचं व्हतं का लोकाला?” चूक कुठं झाली हे त्यांना समजलं नव्हतं, आणि सुकेशनीनं समजावलं नाही. इकडं परवापासून नळ नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

गोव्याचे भाऊ विमानानं परत गेले. नौका परत न्यायची होती आणि त्यासाठी तीन माणसं पुरत. नवं बेअरिंग यायला अकरा दिवस लागले. ते आलं त्या दिवशी सुकेशनी धक्क्यावर गेली, तर साहेबराव डबा हातात घेऊन बसला होता. ती बॅग भरूनच आली होती. आपल्याला विमानाचं तिकीट काढायला सांगतील, अशी तिची अटकळ होती.

त्यानं डबा तिच्याकडे दिला.

“बसव. आणि टाकीसंगं कॅन पण भर.”

“पाणी कुणाकडं राहील, काका?”

“तुझ्याकडंच. दुसऱ्या कुणाला ते यंत्र कळतंय?” तो उठला आणि गुडघे चोळले. “पण सकाळी सहाला मोजपट्टी मी धरणार. आकडा मी बोलणार, तू लिवणार. रोज. कॅनची बुचं उघडून.”

अजिनाथनं मागून विचारलं की पट्टी धरायला नेमकं कप्तानच कशाला, मी धरतो की. साहेबराव त्याला म्हणाला की तू आंघोळ करून घेशील.

परतीला सतरा दिवस लागले. सतरा सकाळी साहेबराव खाली आला, चारही कॅन उचलून बघितले, बुचं उघडली, पट्टी टाकीत घातली आणि आकडा मोठ्यानं सांगितला. सुकेशनीनं तो लिहिला. पहिले चार-पाच दिवस तिला ते जिव्हारी लागत होतं. नंतर, ती म्हणते, सहा वाजायच्या आत ती जागी होऊन त्याच्या पावलांची वाट बघायला लागली; तो येऊन मोजून गेल्याशिवाय तिला चहा घ्यावासा वाटत नसे.